फॉर्म्युल्यांचा पार्सर हाताने लिहावा की जनरेटर वापरावा?

खटपट्या

मंडळी, सल्ला हवाय. आमचं पगाराचं सॉफ्टवेअर आहे, छोट्या-मध्यम कारखान्यांना विकतो. त्यात एचआरवाले फॉर्म्युले स्वतःच टाकतात, म्हणजे बेसिक अधिक डीएचे १२% पीएफ, हजेरी अमुक दिवसांच्या वर असेल तर भत्ता, असलं सगळं. माझ्या आधी जो कोणी होता त्याने रेजेक्सने (मजकुरातले नमुने शोधून) नावांच्या जागी आकडे घालून ती स्ट्रिंग सरळ जावास्क्रिप्टच्या एव्हॅलला, म्हणजे मिळेल तो मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला, दिलीय आणि ते इतकी वर्षं चाललं, आता एका गिऱ्हाइकाच्या ऑडिटरने पकडलंय, आणि त्याचं बरोबरच आहे, त्या बॉक्समध्ये कोणी काहीही लिहू शकतो.

तर आता नीट पार्सर, म्हणजे फॉर्म्युला वाचून त्याची रचना ओळखणारा कोड, करायचाय. टीममध्ये दोन तट पडलेत. एक पोरगा म्हणतो अँटलर हा जनरेटर घेऊ, ग्रॅमर म्हणजे भाषेचे नियम लिहिले की पार्सर तोच काढून देतो. आमचे सिनियर म्हणतात चारशे ओळींचं काम, हाताने लिही आणि मोकळा हो. मी कॉलेजात एसपीसीसीला, म्हणजे कंपायलरच्या विषयाला, फर्स्ट-फॉलो काढले, एलआर पार्सरची टेबलं भरली, मार्क मिळाले, विषय तिथेच संपला. खऱ्या कामात लोक काय वापरतात ते सांगा.

शिफ्टरिड्यूस

हाताने लिहा, डोळे मिटून.

मोठमोठे लोक त्याच रस्त्याने गेलेत. जीसीसी कंपायलरचा सी++ पार्सर याक या जुन्या जनरेटरच्या ग्रॅमरमधून यायचा, २००४ ला ३.४ मध्ये तो काढून हाताने लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट (प्रत्येक नियमाला एक फंक्शन, ती एकमेकांना बोलावतात) बसवला, मग २००६ ला ४.१ मध्ये सी आणि ऑब्जेक्टिव्ह-सीचंही तेच केलं. क्लँग हा दुसरा सी-सी++ कंपायलर तर सुरुवातीपासून हाताने लिहिलेला. गो भाषेचा कंपायलर याकवर होता, १.६ मध्ये म्हणजे २०१६ ला तोही हाताने. रस्ट, टाइपस्क्रिप्ट, सी शार्पचा रोझलिन, व्ही८, सगळे हाताने. कारण साधं आहे, सी मध्ये `टी * एक्स;` दिसलं तर तो गुणाकार आहे की पॉइंटरची घोषणा हे टी टाइप आहे का हे माहीत असल्याशिवाय कळतच नाही, आणि ते नुसत्या ग्रॅमरमध्ये बसवता येत नाही, मग लेक्सरला (मजकुराचे टोकन, म्हणजे शब्द-चिन्हांचे तुकडे, पाडणाऱ्या भागाला) सिंबल टेबल, म्हणजे आतापर्यंतच्या नावांची यादी, दाखवायचं वगैरे खटाटोप करावे लागतात. सी++ मध्ये तर एक तऱ्हा करून बघायची, नाही जमलं तर मागे येऊन दुसरी करायची, असं करावं लागतं. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये हे सरळ एक फंक्शन असतं.

अण्णा_क्वेरीवाले

डोळे मिटून म्हणे. उघडे ठेवून पोस्टग्रेस बघा की.

पोस्टग्रेस या डेटाबेसचा पार्सर आजही फ्लेक्स (लेक्सरचा जनरेटर) आणि बायसनवर (याकसारखा पार्सर जनरेटर) आहे. ग्रॅमरची फाइल पंधरा हजार ओळींच्या वर गेलीय आणि त्यात 'एक्स्पेक्ट शून्य' अशी ओळ टाकलेली आहे, म्हणजे एक जरी कॉन्फ्लिक्ट आला, पुढे काय करायचं ते ग्रॅमरवरून एकाच तऱ्हेने ठरेना, तरी बिल्ड पडतं. हट्ट का, तर एसक्यूएलमध्ये नवा कीवर्ड आणला की कोणाच्या तरी टेबलात त्याच नावाचा कॉलम असतोच. म्हणून तिथे कीवर्डचे चार वर्ग केलेत, पूर्ण राखीवपासून ते कुठेही नाव म्हणून चालणाऱ्यापर्यंत. नवा शब्द सगळ्यात सैल वर्गात टाकून बघायचा, बायसन ओरडला तर थोडा घट्ट वर्ग. हे काम हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये कोण करणार? रिव्ह्यू करणाऱ्याची नजर? काहीतरी निसटणारच.

आणि गंमत म्हणजे जिथे एका टोकनवर भागत नाही तिथे त्यांनी लेक्सर आणि पार्सरच्या मध्ये एक छोटा फिल्टर बसवलाय, तो पुढचं टोकन डोकावून बघतो आणि नॉट किंवा विथ या शब्दांचं टोकनच बदलून देतो. थोडं हाताने, बाकी टूलकडून. एसक्यूलाइटमध्येही टोकनायझर हाताने लिहिलेला आणि पार्सर लेमन या जनरेटरमधून, आणि लेमन हे टूल त्यांचं स्वतःचं.

शिफ्टरिड्यूस

अण्णा, पंधरा हजार ओळींच्या एसक्यूएलला ते ठीक आहे हो. इथे माणूस बेरीज-वजाबाकी करतोय.

खटपट्या

बेरीज-वजाबाकी, जर-तर, मॅक्स-मिन, कंस, तुलना. आणि पुढेमागे स्लॅब येतील. पण मला सगळ्यात जास्त चिंता एरर मेसेजची आहे. आमच्याकडे फॉर्म्युला लिहिणारी बाई कारखान्याच्या ऑफिसात बसलेली असते, महिनाअखेर, पगार अडकलेले, आणि स्क्रीनवर "सिंटॅक्स एरर" एवढंच. मग सपोर्टला फोन. निम्मे फोन कंस बंद न केल्याचे असतात.

सेमिकोलन

मग हाताने. `मॅक्स(बेसिक, ५०००` एवढंच लिहून कोणी सेव्ह केलं तर याक-बायसन आपणहून सांगतो सिंटॅक्स एरर. एक ओळ टाकली की कुठलं टोकन अपेक्षित होतं तेही सांगतो, पण ते "फाइल संपली, स्वल्पविराम किंवा उजवा कंस किंवा अधिक किंवा उणे अपेक्षित" अशा थाटात. हाताने लिहिताना कंस उघडला ती जागा तुमच्या व्हेरिएबलमध्ये असतेच, त्यामुळे "मॅक्सनंतर उघडलेला कंस बंद केलेला नाही" असं म्हणून त्या कंसाखाली लाल रेघ मारता येते. त्या बाईला तेवढंच हवंय.

आणि गणिती पदावलीला घाबरायचं कारण नाही, १९७३ मध्ये व्हॉन प्रॅटने जी युक्ती मांडली ती वापरा. कोड देतो, धाग्यात देवनागरीतच लिहितो:

```
पदावली(किमान):
    डावं = एकक()
    जोवर ताकद(पुढचं) >= किमान:
        चिन्ह = घे()
        उजवं = पदावली(ताकद(चिन्ह) + १)
        डावं = नोड(चिन्ह, डावं, उजवं)
    परत डावं
```

एकक म्हणजे आकडा, नाव, कंसातली पदावली किंवा फंक्शन कॉल. अधिक-उण्याची ताकद १०, गुणिले-भागिलेची २०, चिन्ह नसेल तर उणे एक. सुरुवात पदावली(०) ने. आता `१० - ४ - ३` चालवून बघा. डावं १०, पुढे उणे, ताकद १० ही शून्यापेक्षा जास्त म्हणून आत, उजव्यासाठी पदावली(११), तिने ४ घेतला, पुढे परत उणे पण त्याची ताकद १० आणि हवेत किमान ११, म्हणून ती ४ घेऊन परत आली. (१० - ४) तयार, मग लूप फिरून त्यातून ३ वजा. उत्तर ३. तो +१ गाळलात तर आतली पदावली दुसरा उणेही गिळते आणि उत्तर येतं ९. घाताला मात्र +१ मुद्दाम गाळायचा, कारण तो उजवीकडून बांधला जातो. एवढंच आहे सगळं, टेबलं नकोत की काही नको.

नाशिकची_द्राक्षं

वाखू (वाचनखूण) साठवली. चार महिने एलआरची टेबलं भरताना हे कोणी सांगितलं असतं तर.

अण्णा_क्वेरीवाले

सेमिकोलन, कोड छान आहे, पण खटपट्यांच्या पोस्टीत एक काडी आहे ती कोणाला दिसली नाही. १२%. म्हणजे टक्का आकड्याच्या मागे. आणि जुना एव्हॅल जावास्क्रिप्टचा, तिथे % म्हणजे भागाकाराची बाकी. खटपट्या, दोन्ही ठेवणार का?

खटपट्या

दोन्ही आहे सध्या. रेजेक्स आकड्याला चिकटलेलं % दिसलं की त्याचं भागिले १०० करतो, बाकी ठिकाणी सोडून देतो. एका गिऱ्हाइकाकडे `महिना % ३ == ०` असेल तर तिमाही भत्ता असा फॉर्म्युला खरंच आहे.

अण्णा_क्वेरीवाले

मग सांगा, `१२ % -५` म्हणजे किती? बारा टक्के वजा पाच, म्हणजे -४.८८? की बाराला उणे पाचने भागून बाकी, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये २ आणि पायथनमध्ये -३?

हे तीन वेगवेगळे पगार आहेत. बायसनमध्ये "पदावली %" आणि "पदावली % पदावली" हे दोन्ही नियम लिहा, उणे हे वजाबाकीचं आणि आकड्याआधीचं असं दोन्ही चालतं असं लिहा, तो लगेच सांगेल की % नंतर उणे आलं तर शिफ्ट करू (ते टोकन घेऊन पुढे जाऊ) की रिड्यूस करू (इथवरचा नियम पूर्ण झाला असं धरू) कळत नाही. ३.७ पासून, म्हणजे २०२० पासून, ज्यावर घोळ होतो ते उदाहरणसुद्धा बांधून देतो, दोन्ही झाडं, म्हणजे पदावलीच्या दोन्ही मांडण्या, काढून. हाताने लिहिताना तुम्ही काय कराल, % दिसलं की पुढचं टोकन बघाल, त्याने पदावली सुरू होऊ शकत असेल तर बाकी, नाहीतर टक्का. एक इफ. तो इफ लिहिताना तुम्ही कोणाच्या तरी पगाराचा निर्णय घेतलात हे तुमच्या गावीही नसतं.

शिफ्टरिड्यूस

मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच सांगितलात अण्णा. खऱ्या बायसन ग्रॅमरमध्ये माणूस आधी काय करतो? सुरुवातीला लेफ्टच्या ओळी टाकतो, म्हणजे कुठल्या चिन्हाची ताकद किती ते सांगतो, अधिक-उण्याची कमी, गुणिले-भागिले-टक्क्याची जास्त. त्या टाकल्या की हा कॉन्फ्लिक्ट वॉर्निंग न देताच मिटतो, कारण % ची ताकद उण्यापेक्षा जास्त म्हणून तो गपचूप रिड्यूस करतो, आणि `महिना % -३` कधीच बाकी म्हणून वाचलं जात नाही. त्या ओळी नसतील तर वॉर्निंग देतो पण शिफ्ट करून मोकळा होतो, म्हणजे बरोबर उलटं. तीच ग्रॅमर, वरच्या दोन ओळींनी पगार बदलला, आणि ज्या तऱ्हेत वॉर्निंग येत नाही तीच तऱ्हा लोक वापरतात.

अण्णा_क्वेरीवाले

हे मान्य. म्हणूनच प्रेसिडेन्सच्या (चिन्हांच्या ताकदीच्या) ओळी जपून वापराव्यात असं पोस्टग्रेसवाल्यांनी ग्रॅमरच्या फाइलीत कॉमेंटमध्ये लिहून ठेवलंय.

दोनदा_कंपाइल

यात भर. एचआरवाले एक्सेलमधून आलेत हे विसरू नका. एक्सेलमध्ये `=-२^२` लिहिलं तर उत्तर ४ येतं, कारण तिथे आधी उणे लागतं मग घात. पायथनमध्ये तेच -४. गणिताच्या वहीतही -४. तुम्ही कुठलं धरणार ते पार्सर हाताने लिहा नाहीतर टूलने काढा, आधी ठरवावंच लागेल. पगारात घात कोण वापरतं म्हणा, पण ग्रॅच्युइटीच्या हिशेबात कोणीतरी चक्रवाढ घालतंच.

सेमिकोलन

पगारात घात, मेला तो माणूस :)

पेग_वाला

मधला रस्ता कोणी सांगतच नाहीये. पायथन. ३.८ पर्यंत त्यांच्याकडे एलएल(१) चा, म्हणजे पुढचं एकच टोकन बघून ठरवणाऱ्या पार्सरचा, जनरेटर होता, त्यात न बसणाऱ्या गोष्टी ग्रॅमरमध्ये सैल लिहून नंतर झाड बांधताना तपासायला लागायच्या. ३.९ ला, २०२० मध्ये, नवा पेग पार्सर (पर्याय क्रमाने करून बघणारा) आला, पायथनचा जनक खुद्द खिडो व्हान रॉसम त्यात होता. पण हाताने नाही लिहिला, जनरेटरच नवा लिहिला! आणि एरर मेसेज सुधारायला त्यांनी जे केलं ते खटपट्यांच्या कामाचं आहे. ग्रॅमरमध्येच 'इनव्हॅलिड' नावाने सुरू होणारे नियम आहेत, म्हणजे लोक हमखास जे चुकीचं लिहितात त्याचे नियम. पहिल्या फेरीत ते बंद असतात. पार्सिंग फसलं तरच दुसरी फेरी ते चालू करून होते आणि जो नियम लागेल तो नेमका मेसेज देतो. बरोबर कोडला एका पैशाचा भुर्दंड नाही. ३.१० पासून "हा कंस बंदच केला नाही" असं पायथन सांगतो.

ही दोन फेऱ्यांची युक्ती हाताने लिहिलेल्या पार्सरलाही चालते.

शिफ्टरिड्यूस

पेगमध्ये पहिला जुळलेला पर्याय जिंकतो, म्हणजे अण्णांचा १२ % -५ वाला प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही. संदिग्धता नाही, कारण ती दिसतच नाही. नियमांची ओळ वरखाली झाली की अर्थ बदलला.

पेग_वाला

बरोबर. म्हणून टेस्ट लिहायच्या. बाकी काय.

पुण्याबाहेरचा

रुबी भाषेचं कोणी काढलं नाही. तिथे बायसनची ग्रॅमर इतकी फुगली होती की जेरुबी, ट्रफलरुबी, रुबोकॉप असली रुबीभोवतीची टूलं करणारे, प्रत्येकजण आपापला पार्सर सांभाळत बसला होता, आणि रुबीचं व्हर्जन बदललं की सगळ्यांनी परत मागे धावायचं. मग दोन्ही बाजूंनी काम सुरू झालं. एकीने बायसन काढून रुबीतच लिहिलेला लरामा हा जनरेटर आणला, ३.३ मध्ये. दुसरीने प्रिझम नावाचा पार्सर हाताने लिहिला आणि ३.४ मध्ये, डिसेंबर २०२४ ला, तो डिफॉल्ट झाला. कारण मुख्यतः दोन, एक म्हणजे तो लायब्ररी म्हणून कोणालाही वापरता येतो आणि दुसरं म्हणजे कोड अर्धवट असला तरी जमेल तेवढं झाड देतो.

हे दुसरं तुम्हालाही लागणार. आज बॉक्स आहे, उद्या मॅनेजर म्हणेल टाइप करताना नावं सुचवा. `बेसिक + ` एवढंच लिहिलेलं असताना पार्सरने हात वर केले तर सुचवणार काय?

दोनदा_कंपाइल

त्यासाठी ट्री-सिटर आहे ना, तो जनरेटरच आहे, अर्धवट कोड चालतो, अक्षर बदललं की फक्त तेवढाच भाग परत पार्स करतो. एडिटरमध्ये रंग द्यायला फर्स्ट क्लास. पण पगार त्याच्या झाडावरून काढू नका, तो चुकलेल्या ठिकाणी अंदाजाने दुरुस्ती करून पुढे जातो, रंग द्यायला चालतं, पैशाला नाही.

जावा_आणि_चहा

अँटलर घेणार असाल तर एक व्यवहारातली गोष्ट. अँटलर ४ वाईट नाही, ग्रॅमरमध्ये डावं रिकर्शन सरळ लिहिता येतं, एसक्यूएलसाठी स्पार्क आणि ट्रिनो तोच वापरतात. पण त्याला रनटाइम लायब्ररी, म्हणजे काढलेल्या पार्सरसोबत चालणारा वेगळा कोड, लागते. कोड ज्या व्हर्जनने काढला तेच रनटाइम हवं. ४.१० ला आतल्या टेबलांचा फॉरमॅट बदलला, तेव्हा जुन्या व्हर्जनने काढलेला पार्सर नव्या रनटाइमवर चढतच नाही, सरळ एक्सेप्शन. आता तुमच्याच प्रोजेक्टमध्ये दुसरी कुठली तरी लायब्ररी जुनं अँटलर ओढून आणते आणि तुम्ही नवं, मग रात्री अकराला डिपेंडन्सीचं झाड बघत बसा. एका जुन्या नोकरीत हे भोगलंय, नाव घेत नाही. चारशे ओळींच्या कामासाठी हा ताप कशाला?

अण्णा_क्वेरीवाले

बायसन-लेमनला रनटाइम लागत नाही, सगळा कोड तुमच्याच फाइलीत येतो. पण खटपट्या जावास्क्रिप्टमध्ये आहेत, आणि ही दोन्ही टूलं जावास्क्रिप्टचा कोड काढत नाहीत.

ओव्हरफ्लो_ओळखीचा

हाताने लिहिताना एक नक्की करा, खोली मोजा. रिकर्सिव्ह डिसेंटमध्ये प्रत्येक कंसाला फंक्शनची एक-दोन बोलावणी होतात, कोणी लाखभर डावे कंस चिकटवले की स्टॅक (चालू बोलावण्या लक्षात ठेवायची मेमरी) संपला आणि अख्खा सर्व्हर गेला. क्लँगही कंसांच्या ठरावीक खोलीवर सरळ थांबतो, वाढवायचं असेल तर ऑप्शन आहे. तुम्ही ५० ठेवा, ५० कंसांचा पगार कोणाचाच नसतो. टेबलवाल्या पार्सरचा स्टॅक वेगळा असतो म्हणून तिथे हे आपोआप सांभाळलं जातं.

आणि टूलने काढलं म्हणजे सेफ असंही समजू नका. २०१७ चं क्लाउडब्लीड आठवा, तिथे क्लाउडफ्लेअरचा एचटीएमएल पार्सर रॅगेल या जनरेटरने काढलेला होता आणि पॉइंटर बफरच्या शेवटी "नेमका पोचला का" असं तपासलं जायचं, "पोचला किंवा पुढे गेला का" असं नाही, पॉइंटर एकदा उडी मारून पुढे गेला आणि दुसऱ्यांची मेमरी पानात सांडली. चूक रॅगेलची नव्हती, त्याला दिलेल्या कोडची होती, आणि ती वर्षानुवर्षं तिथे झोपून होती.

नाशिकची_द्राक्षं

अवांतर: व्हायवाला विचारलं होतं, याक म्हणजे काय. मी म्हणालो तिबेटमधला बैल. बाहेरून आलेले सर हसले, आमचे सर नाही हसले.

सेमिकोलन

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत खटपट्यांनी काय ठरवलं ते सांगावं.

खटपट्या

सगळ्यांचे आभार. काल टीमबरोबर बसलो. हाताने लिहितोय, प्रॅटच्या पद्धतीने, खोलीची मर्यादा ५०. पण अण्णांच्या प्रश्नाने झोप उडाली होती म्हणून त्या अँटलरवाल्या पोरालाच सांगितलं की तू ग्रॅमर बायसनमध्ये लिही, लेफ्टच्या ओळी न टाकता, ताकदीचे थर नियमांमध्येच मांडून, त्यातून पार्सर काढायचाच नाही, फक्त कॉन्फ्लिक्ट बघायचे. सीआयमध्ये (आपोआप होणाऱ्या तपासण्यांत) ती रोज चालेल, कोणी नवं चिन्ह आणलं तर आधी तिथे टाकायचं. पोरगा खूश, सिनियरही खूश.

टक्का आणि बाकी दोन्ही एका चिन्हावर ठेवणार नाही. % म्हणजे टक्का. बाकीसाठी `शेष(महिना, ३)` असं फंक्शन. ज्याच्याकडे तिमाही भत्ता आहे त्याचा फॉर्म्युला आम्हीच बदलून देऊ.

अण्णा_क्वेरीवाले

उत्तम. आता जुने फॉर्म्युले. सगळ्या गिऱ्हाइकांचे डेटाबेसमधून काढा, गेल्या आर्थिक वर्षाच्या प्रत्येक महिन्याचे आकडे घालून जुन्या एव्हॅलने आणि नव्या पार्सरने दोन्हीकडे चालवा, पैशाचाही फरक आला तर ती ओळ छापा. मार्चचा महिना आवर्जून घ्या. फरक येईल तिथे नवाच चुकला असेल असं धरू नका, रेजेक्सने `१२ %` मधली एक स्पेस बघून कोणाचा पीएफ वर्षभर कमी कापला असेल तर तेही तिथेच दिसेल.

खटपट्या

अण्णा, हे मॅनेजरला तुम्ही सांगा :)